हिरव्या चुड्याला चिंधी

मुंबई, १८ जून १९५७

ती. सौ. राहीताईस,
गोदाचा शि. सा. न. वि. वि.

लग्नाची हळद पुरती उतरायच्या आत कामावर हजर झाले. आमच्या कचेरीत आता आकडेमोड यंत्रं करतात. त्यासाठी कळा दाबून कार्डांना आकड्यांची भोकं पाडायचं काम आम्हा मुलींचं; मोजणाऱ्या यंत्रावर मात्र पुरुष, आणि कायमची नोकरीही त्यांनाच. आमचं लग्न झालं की राजीनामा, असा नियम आहे. म्हणून मी कुणाला बोलले नाही. ह्यांची गिरणी बंद आहे. माझी नोकरी गेली तर खोली सोडावी लागेल.

मंगळसूत्र पोलक्यात लपतं, पण तू भरवलेला लग्नाचा हिरवा चुडा वाजतो गं. भाद्रपदात गौरीपुढे सूप भरून पहिला ओवसा होईपर्यंत उतरवायचा नाही, अशी शपथ घातलीस. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या आनंदीबाई म्हणतात, बांगड्या यंत्राच्या कळांत अडकतात, काढून ठेव. काय करू?

तुझी घाबरलेली,
गोदा

लांजा, २४ जून १९५७

चि. सौ. गोदास,
अनेक आशीर्वाद.

चुडा उतरवायचा नाही. काजू सोलताना आम्ही बांगड्या वर सारून चिंधी बांधतो, तशी बांध. माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी पाकिटात घातली आहे. इथेही तुझ्यासारखंच. काजू आम्ही बायका भाजत होतो. भाजायचं नवं पिंप आलं आणि त्यावर पुरुष उभे राहिले. तुझे भावजी म्हणतात, गोदी घरी घासून घासून पातेल्यांना भोकं पाडायची, तिकडे त्याचा पगार मिळतो.

कुणी विचारलंच तर खोटं बोलू नकोस. लग्न केलंस, चोरी नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
राही

मुंबई, ५ जुलै १९५७

ती. सौ. राहीताईस,
शि. सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडला. चिंधी बघून साहेबांनी काय लागलं म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं, लग्न झालंय. राजीनामा लिही म्हणाले.

आनंदीबाई भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालतात. आम्ही त्यांची चेष्टा करायचो. त्या उठल्या आणि बाही वर सारली. आत बांगड्या, त्यांवर घट्ट बांधलेला रुमाल. म्हणाल्या, “मग माझाही घ्या.” मागून तिघीचौघींनी मंगळसूत्रं बाहेर काढली. सगळ्याच गेल्या तर कार्डं कोण करणार? साहेब आत गेले. संध्याकाळी निरोप आला, उद्या सगळ्यांनी नेहमीसारखं कामावर यावं. मी तिथेच रडले.

मोजणारं यंत्र आम्हालाही शिकवा, असा अर्ज आता आनंदीबाईंनी केला आहे.

अशीच माया राहू दे.
गोदा

ता. क. – उरलेलं लुगडंही पाठव, सगळ्यांना पट्ट्या हव्यात. आता लपवायला नकोत, पण बांगड्या कळांत खरंच अडकतात.