फळ्यावरचे पाच बाण

बारिलोचे, नोव्हेंबर १९७७

प्रिय नोएमी,

सरोवरावरून वारा सुटलाय. जन्मभर पोरांना कविता पाठ करायला लावल्या, आज मलाच एक ओळ धड आठवत नाही. तू लहानपणी कडवं अर्ध्यावर तोडून विचारायचीस, पुढे काय होतं? मग कणांच्या मागे लागलीस. आपल्या स्वयंपाकघरात मला समजावलं होतंस, दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने आदळतात, पाच कण बाहेर पडतात. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं एवढंच दिसतं, मधलं कुणी पाहिलेलं नसतं, ते आपण रचायचं आणि मोजमापाशी ताडून बघायचं. मी म्हणालो, ही तर कविताच. तू म्हणालीस, पापा, तुला वाण्याची यादीसुद्धा कविताच वाटते.

तू इटलीत त्रिएस्तेला निघालीस त्या दिवशीचा फळा तुमच्या संस्थेतल्या खोलीत कुणी पुसलाच नव्हता. दोन बाण आत, मध्ये एक गोल, पाच बाण बाहेर, आणि कणांच्या खुणांऐवजी एकमेकांची नावं, ही तुमच्या गटाची जुनी खोड. मंगळवारी एक लष्करी अधिकारी त्याचा फोटो घेऊन घरी आला. टोपी काढून बसला, तुझ्या आईच्या हातचा केक खाल्ला, त्याचा भाऊ माझ्या वर्गात होता म्हणाला. मग बाणांवर बोट ठेवून विचारलं, ही पाच जणं कुठे निघालीत? मी सांगितलं, गणित आहे साहेब, कण आहेत. त्याने विचारलं, मग मधल्या गोलात काय होतं? मी तुझंच उत्तर दिलं, कुणालाच ठाऊक नसतं, अंदाज बांधायचा. तो हसला.

“मास्तर, आम्ही अंदाज बांधत नाही. विचारून घेतो.”

फळ्यावरच्या नावांपैकी एर्नान आणि मीर्ता त्या रात्रीपासून घरी आलेले नाहीत. मीर्ताची आई रोज बराकीच्या फाटकाशी जाते. तिला सांगतात, या नावाचं इथे कुणी नाही. रस्त्यात भेटली की आम्ही वाऱ्याबद्दल बोलतो. वळणावर गाडी थांबली की तुझी आई दिवा मालवते. तिसऱ्या बाणावर तुझं नाव आहे.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. डोंगर चढायला आलेला एक इटालियन परत चाललाय, तो बुटात घालून आणील. टपालाने दुसरं येईल. अक्षर माझं, सही माझी: आई अत्यवस्थ आहे, मिळेल त्या विमानाने ये. काल तो अधिकारी समोर बसला होता आणि मी ते लिहिलं. पोरीला घरी काय म्हणता, असंही त्याने विचारलं. ते लाडकं नावही त्यात आहे. आई ठणठणीत आहे, पोरी. त्या नावाने हाक मारली तरी येऊ नकोस.

तुझाच,
पापा