पटलावर ठेवलेलं भाषण

२९ ऑगस्ट

सकाळी दिलीपभाऊ आले. सुभद्राताईंचे पुतणे, आणि आता अमृतमहोत्सव समितीचे सर्वेसर्वा. ताईंना पंच्याहत्तर होताहेत. हिंगोलीत सत्कार, सोबत स्मरणिका. त्यातला ताईंवरचा मुख्य लेख मी लिहायचा.

"मॅडम, वाघीण म्हणून आली पाहिजे ताई. दिल्ली हादरली, असं काहीतरी."

हादरली की नाही ते आधी बघते, म्हटलं. ते हसले. मी नाही.

माझ्याकडे ताईंचं काय आहे? पांढरी साडी, सुईची डबी, आणि शाळेच्या मागे लपलेली मी. पुढे मी कॉलेजात गेले तेव्हा त्याच टोचणाऱ्या बाई खासदार झाल्या. एकच टर्म. नंतर तिकीट नाही.

२ सप्टें.

ताईंकडे दुपार. भिंतीवर बाबासाहेब, खाली नर्सिंगच्या बॅचचा फोटो. दिल्लीचा एकही नाही.

सेनगावकडच्या खेड्यातला जन्म. वडील दुसऱ्याच्या शेतात. सातवीनंतर मामांनी परभणीला नेलं. नर्स झाल्या, मग उपकेंद्रावर निम्मं आयुष्य. पायी, बैलगाडीत, कुणाच्या सायकलीवर मागे बसून. मग जिल्हा परिषद.

"आणि खासदारकी?"

"दोन पुढाऱ्यांचं जमेना, म्हनून मला दिलं. निवडून येईन असं कोनालाच वाटलं न्हवतं. मलाबी न्हाई."

"मग?"

"ज्यांची बाळंतपणं केली ती लेकरं मतदार झाली होती ना माय."

हे लेखात जाणार. दिलीपभाऊ कापतील.

६ सप्टें.

दोन दिवस लोकसभेचं छापील कामकाज वाचतेय. ताई फार वेळा बोलल्या नाहीत. नर्सबाईंच्या राहण्याच्या खोल्यांबद्दल प्रश्न. उपकेंद्रात पाणी नाही, त्याबद्दल. उत्तरं सगळी एका सुरात: माहिती गोळा करण्यात येत आहे.

आणि मग एक मोठं भाषण, आरोग्याच्या चर्चेतलं. खुर्चीत सरळ बसून वाचलं.

"आमच्याकडे उपकेंद्राला इमारत आहे, पाटी आहे, कुलूप आहे. कौसल्या नावाची बाई त्या कुलपासमोर बसली. मग तिला जीपमध्ये घातलं. कनेरगाव नाक्यावर ती गेली. लेकरू आधीच गेलं होतं. मी तिचं नाव घेते, कारण तुमच्या आकड्यात ती आहे पण तिचं नाव नाही."

असं मला लिहिता येत नाही.

भाषणावर एक चांदणी. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात: भाषण सभागृहाच्या पटलावर ठेवले.

म्हणजे बोललं गेलं नाही?

८ सप्टें.

विचारलं. ताई शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या, हात थांबला नाही.

"संध्याकाळ झाली. यादी लांब, माझं नाव खाली. अध्यक्ष म्हनले, ज्यांचं राहिलं त्यांनी कागद पटलावर ठेवा, वाचलं असं समजू. मी मराठीत बोलनार म्हनून आधी कळवलं होतं. दुभाष्या काचेमागं कानाला लावून बसला होता. माझ्याकडंच बघून राहिला होता. मी कागद दिला आन् बसले."

"वाईट वाटलं?"

"सगळ्यांचंच तसं असतंय. पन सोजरबाईला काय सांगू, हे होतं."

सोजरबाई म्हणजे कौसल्याची आई. ताईंनी तिला शब्द दिला होता: तुझ्या लेकीचं नाव दिल्लीत मोठ्यानं घेईन. परत आल्या त्या सरळ तिच्या दारात गेल्या नि सांगून टाकलं, येळ भेटला न्हाई, कागद दिला. सोजरबाई म्हणाली, मंग पुढल्या टायमाला घ्या.

पुढला टाइम आलाच नाही.

शेंगा संपल्यावर ताई म्हणाल्या, "सत्काराला उत्तर द्यावं लागतंय ना? तिथं बोलते. सोजरबाईला बोलावते."

मी सालं गोळा केली.

१४ सप्टें.

दि.भाऊंना सांगितलं, लेख कमी करा, पण ते भाषण पूर्ण छापा. लोकांच्या हातात पडलं पाहिजे. त्यांना पटलं, एका जाहिरातदाराने माघार घेतल्यामुळे जागा होतीच. ताई सत्काराला उत्तर देताना बोलणार आहेत, तेही सांगितलं. "बोलू द्या की, तिचाच कार्यक्रम हाय."

घरी येताना हलकं वाटत होतं. काहीतरी बरोबर केल्यासारखं.

१९ सप्टें.

प्रूफ आलं. माझ्या लेखाला मथळा: मराठवाड्याची वाघीण. ताईंना दाखवला.

"वाघीन काहून? वाघीन बाळंतपणं करती व्हय?"

मथळा बदलून घेतला. भांडावं लागलं. मतदार झालेली लेकरं मात्र राहिली, तेवढं दिलीपभाऊंच्या नजरेतून सुटलं.

भाषणाखालची तळाची ओळ मी ठेवलीय. चांदणीसकट.

२८ सप्टें.

सत्कार झाला.

पाहुणे उशिरा आले. मग शाली, मग ज्यांना शाली मिळाल्या नाहीत त्यांच्यासाठी आणखी शाली. आठ जण बोलले, त्यातले बहुतेक स्वतःबद्दल. हॉलवर संध्याकाळी कुणाचा साखरपुडा होता. मांडववाले दारात फुलं घेऊन उभे.

ताईंनी पिशवीतून कागद काढला होता. चष्मा लावला होता.

दिलीपभाऊंनी माइक घेतला. "वेळेअभावी ताईंना तकलीफ देत नाही. ताईंचं ऐतिहासिक भाषण स्मरणिकेत छापलेलंच आहे. ते सर्वांनी वाचलं असं समजू आणि राष्ट्रगीताला उभं राहू."

दिल्लीतही हेच वाक्य आलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. अगदी निरागसपणे म्हणाले. मी ताईंकडे बघितलं. त्या हसल्या, थोड्याच. चष्मा काढला, कागदाची घडी केली, उभ्या राहिल्या.

सोजरबाई तिसऱ्या रांगेत. निळं लुगडं, मांडीवर स्मरणिका उलटी धरलेली. राष्ट्रगीत संपल्यावर मला म्हणाली, "झालं काय बाई ताईचं बोलनं?"

"राहिलं."

"बरं. मंग पुढल्या टायमाला." तक्रारीचा सूर नाही. जेवायला गेली.

२९ सप्टें.

मीच छापायला लावलं नसतं, तर दि.भाऊंना ते वाक्य सुचलं असतं का.

आज दिवसभर हेच.

१ ऑक्टो.

ताईंकडे गेले, माफी मागायला. त्यांनी बोलू दिलं नाही. "तू चांगल्यासाठी केलं. पन कागद झाला की मानसं सुटतात, हे मी एकदा बघितलं होतं. तुला सांगायला पाहिजे होतं." मग, "च्या ठेव."

चहा होतोय तर सोजरबाईच्या नातीचा फोन. म्हातारी मागून ओरडून सांगत होती ते सगळं ऐकू येत होतं. पोर्णिमेला वर्षावासाचं, पावसाळाभर चाललेलं ग्रंथवाचन संपतं. दुपारून गावच्या बुद्धविहारात खीर. सोयाबीन काढणाऱ्या बाया त्या दिवशी कामावर जात नाहीत. या.

ताईंनी फोन हातात घेतला. "किती येळ देसाल?"

"घ्या की कितीबी. खीर शिजस्तोवर आमी बसूनच ऱ्हातो."

ताईंनी फोन ठेवला. मग एकदम, "माइक असंल का गं तिथं?"

असेल, म्हटलं. पौर्णिमेला असतोच.

४ ऑक्टो.

दिलीपभाऊ येतो म्हणताहेत, फोटोग्राफर घेऊन. ताई म्हणाल्या, ये, पन बोलू नको.

६ ऑक्टो.

ताई सराव करताहेत. आज माझ्यासमोर. पलंगाच्या कडेला उभ्या राहतात, एक हात कठड्यावर. कागद छापलेला नको म्हणाल्या. हातात मूळचा, घडीवर फाटलेला. सुरुवात "अध्यक्ष महोदय" अशी आहे. ते खोडावं का, मी विचारलं. "राहू दे. सोजरबाईच अध्यक्ष."

आवाज बारीक झालाय त्यांचा, पण वाक्यं ठाम येतात. इमारत आहे. पाटी आहे. कुलूप आहे. तिथपर्यंत येतात, श्वास घेतात, आणि थांबतात. नाव घेत नाहीत. पाणी पितात, पुन्हा पहिल्यापासून.

चौथ्या वेळी मी बघत राहिले तशा म्हणाल्या, "ते तिथं."

नाव राखून ठेवलंय की ओठातून निघत नाही, हे मी विचारलं नाही. मलाही नक्की कळलं नाही.

सोजरबाईच्या गावाला जायला उद्या सकाळची सेनगाव गाडी. त्यांची पिशवी भरलीय: चष्मा, गोळ्या, कागद. मी पाण्याची बाटली घेतेय, दोन.