सत्तेचाळीसचं डफडं

बडनेरा
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाबा,
जयभीम. मी आणि पायल, आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा.

त्या सकाळी नळाला लवकर पाणी आलं होतं. लग्न होऊन मी परतवाड्याला आले त्याला थोडेच दिवस झाले होते. मी अंगण झाडलं, सडा टाकला, रात्रीची भांडी घासून पालथी घातली, ड्रममध्ये नळी सोडली आणि चहाचं आधण ठेवलं. पायलचे बाबा झोपले होते. तुम्ही ओट्यावर बसला होता. तेलाचा रिकामा पिपा मांडीवर होता आणि तुमची बोटं त्यावर चालत होती. आधी हळू, मग एकदम भरून, मग मध्येच एक जागा रिकामी सोडून. मी दारात उभी राहिले. तुम्ही मला पाहिलं, मूठ बंद केली आणि म्हणालात, "चहा झाला का बाई?"

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. आज तुम्हालाच सांगते आहे, कारण रविवारी अकोल्याला पायलच्या बाबांच्या आठवणीच्या कार्यक्रमात फाटकाजवळ तुम्ही मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर न देता उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "माह्याच बोलण्यानं गेला ना तो?" तेवढ्यात स्टेजवरून आवाज सुरू झाला. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत राहिलात आणि मग गर्दीत शिरलात. त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी हे पत्र आहे. पण मला एकदम लिहिता येत नाही. थोडं आधीपासून लिहिते.

तुम्हाला यांच्या बँडचं नावसुद्धा चालत नव्हतं, म्हणून आपल्या घरात त्याची गोष्ट कधी पूर्ण सांगितलीच गेली नाही. पायलचे बाबा तेव्हा अकोल्यात, जुन्या शहरात, बॅटरीच्या दुकानात कामाला होते. यांचे दोस्त चंदन भाऊ, त्यांच्या घरचे भाजी पिकवायचे, विकायचे. त्यांच्या कांद्याच्या गोदामात हे दोघं आणि तिसरा दोस्त अमोल सुट्टीच्या दिवशी वाजवत बसायचे; ड्रम आणि डफडं यांच्याकडे. मे महिना, वर टिनाचं छप्पर. कोणीतरी तापमापी आणून लावली, ती सत्तेचाळीसवर गेली, आणि तेच नाव ठेवलं. हेवी मेटल म्हणतात त्या प्रकाराला. आपल्याकडे तेव्हा ते कोणी वाजवत नव्हतं, आणि वऱ्हाडीत तर कुठंच नाही. चंदन भाऊ पोटातून घोगरा आवाज काढून गायचे. शेजारच्या आशाबाई एकदा लिंबू-पाणी घेऊन धावत आल्या होत्या, पोराला ओकाऱ्या होतायत समजून.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्या गाण्यालाच लाइट बंद केली. मग कांद्याच्या पोत्यांवर गाद्या टाकून त्यांनी कॅसेट भरली. ती मी तुम्हाला ऐकवली होती, आठवतं? तुम्ही म्हणालात, "हे गाणं हाय का कोणाचा ट्रॅक्टर बिघडला?" मी हसले होते. पायलचे बाबाही हसले. पुढं गाण्यात सगळी वाद्यं थांबली आणि एकटं डफडं सुरू झालं, तेव्हा तुम्ही उठून टेप बंद केला.

तुम्ही काय बोललात ते मला शब्दाला शब्द आठवतं. "माह्या बापानं नागपुरातून दीक्षा घेऊन आल्यावर आपल्या हातानं डफडं चुलीत घातलं. गावानं पाणी तोडलं, तरी पुन्हा कोणाच्या दारात उभा राहून वाजवलं नाई. अन् तू ते परत घरात आणलं?"

हे म्हणाले, "बाबा, मी कोणाच्या दारात नाई वाजवत. लोक माह्याकडे येतात."

"येतील. अन् वाजवून झालं की म्हणतील, हो बाजूले."

मी घरात पुस्तकं वाचून जे शिकले त्यात तुमच्या बाजूनंही पुष्कळ सापडलं. विहारातल्या कपाटातलं एकेक पुस्तक आणून वाचताना मला कळलं, की तुमच्या वडिलांनी चुलीत काय घातलं होतं. तुमचा राग खोटा नव्हता. पण यांचंही खोटं नव्हतं. मी दोघांच्या मध्ये ताट वाढत राहिले.

बँड दहाएक वर्षं चालला. मग चंदन भाऊ बागेकडे वळले, अमोल नोकरीला लागला, यांनी बडनेऱ्याला स्वतःचं दुकान टाकलं. आम्हाला वाटलं, संपलं. पण ती कॅसेट एकाची दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे फिरत होती. पुढं कोणीतरी ती मोबाइलवर चढवली. मग शिलाँगहून, बंगळुरूहून, कुठून कुठून केस वाढवलेले पोट्टे दुकानात येऊ लागले. म्हणायचे, तुमचं ऐकूनच आम्ही आमच्या बोलीत गायला लागलो. डफड्याचा तो तुकडा त्यांनी आपापल्या ड्रमवर उचलला होता. एक मुलगा तर दारातच यांच्या पाया पडला. पाण्यानं भरलेल्या बॅटऱ्यांच्या मध्ये हे उभे राहायचे, फोटो काढू द्यायचे, हसून मान हलवायचे. ते काहीही विचारोत, हे मान हलवायचे.

आता लिहिते.

त्यांना ऐकू येत नव्हतं, बाबा.

आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, फोन, पायलची हाक. मग सगळंच. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या आवाजानं कानाची नस गेली आहे, मशीननं थोडाच फरक पडेल. यांनी मशीन घेतलंच नाही. ओठ पाहून त्यांना समजायचं, आणि माझे ओठ तर सवयीचे होते. गिऱ्हाईक काय मागतं हे ते हातातल्या वस्तूवरून ओळखायचे. पायलला शिकवायला बसले की जमिनीवर उघडे पाय टेकवायचे आणि डफड्यावर तळहात ठेवायचे. तिथून त्यांना कळायचं, ती कुठं चुकली.

मला त्यांनी शपथ घातली होती. "सगळ्याईले कळलं तरी चालीन. बाबाले सांगू नको. ते म्हणतील, मी म्हटलंच होतं." म्हणून तुमच्यासमोर ते हळू बोलायचे, नाहीतर बोलायचेच नाहीत. तुम्हाला तो गर्व वाटला. मला दिसत होतं तुम्हाला काय वाटतं ते, पण शपथ होती.

आता त्या शेवटच्या भेटीबद्दल. जानेवारीत आम्ही तुमच्याकडे आलो, पायल ड्रम शिकते आहे हे सांगायला. त्यांनी सांगितलं.  मग हे निघायला उठले, ओट्याखाली चपला घालायला वाकले, आणि तुम्ही मागून बोललात, "आजपासून तू माह्यासाठी मेला. तुह्या मयतीलेई येणार नाई मी." तेव्हा त्यांची पाठ तुमच्याकडे होती. चपलेचा पट्टा निघाला होता, तो ते बसवत होते. तुम्हाला वाटलं, ऐकूनही पोरगं मान वर करत नाही.

त्यांनी ऐकलंच नाही, बाबा. त्यातला एक शब्दही त्यांच्यापर्यंत गेला नाही. तुमची सावली हलली म्हणून कळलं की तुम्ही काही बोललात. एसटीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाबा काय म्हणत होते?"

मी म्हटलं, "जेवून जा म्हणत होते."

"मंग सांगतलं काहून नाई? जेवलो असतो ना."

"उशीर झाला असता."

"काय भाजी होती?"

"वांग्याची," मी म्हटलं. तुमच्या घरातून खरंच तिचा वास येत होता.

अमरावतीपर्यंत ते खुशीत होते. समोरच्या सीटच्या दांडीवर बोटं वाजवत होते. पुढच्या बाईनं दोनदा मागे वळून पाहिलं. म्हणाले, पुढच्या महिन्यात पायललाही घेऊन जाऊ, बाबा नरमलेत. मी हो म्हटलं. हे खोटं मी पुन्हाही बोलेन.

त्याच आठवड्यात ते गेले. दुकानामागून रूळ ओलांडून सगळेच जातात. त्या दिवशीही माणसं जात होती. मालगाडीचा भोंगा वाजत होता, बाकीचे थांबले. चहावाल्या माणिकबाई ओरडल्या. हे चालत राहिले, वळून पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, जाणूनबुजून केलं. तेच बोलणं परतवाड्यापर्यंत पोचलं असणार. मयतीला तुम्ही आलात, लांब उभे राहिलात, कोणाशी न बोलता गेलात. मला वाटलं, तुमचा राग अजून तसाच आहे. तुम्ही हे ओझं घेऊन फिरता आहात हे मला रविवारी फाटकाजवळ कळलं.

त्यांच्या हातात पिशवी होती. त्यात पायलसाठी नवीन काड्या आणि माझ्यासाठी वांगी होती. मरायला निघालेला माणूस वांगी घेत नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. तुमच्या बोलण्यानं नाही. तुम्ही म्हणाल, मग त्या ड्रमनंच नेलं, आणि मी तरी हेच म्हणत होतो. होय. ते तुमचं खरं ठरलं. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण दुसरंही एक खरं आहे. रविवारी एवढ्या लांबून आलेल्या पोरांनी एकामागून एक सत्तेचाळीसची गाणी वाजवली. शेवटी पांढऱ्या केसांचे चंदन भाऊ उभे राहिले आणि मागे पायल बसली. सगळं थांबलं, तिनं डफडं घेतलं. आधी हळू, मग एकदम भरून, मग मध्येच एक जागा रिकामी. हजारभर लोक त्या रिकाम्या जागेत गप्प उभे होते. सगळे म्हणतात हा ताल यांचा, धम्मदीपचा. तो लहानपणी ओट्यावर त्यांच्या कानावर पडला होता. तो तुमचा आहे. तुमच्या वडिलांनी चामडं जाळलं, पण बोटं जाळता येत नाहीत, आणि तुम्ही ती पिप्यावर सोडली. तुम्ही जनरेटरच्या मागे उभे होता. मी पाहिलं तेव्हा तुमची मूठ बंद होती, त्या सकाळसारखी.

पायलला त्या पिप्याचं काही माहीत नाही. ताल तुमचा आहे हे तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही नको म्हणालात तर मी गप्प राहीन. मला सवय आहे.

ती आपणहून वाजवणं सोडणार नाही. रविवारी रात्रीच मी विचारलं. म्हणाली, "आई, तू सांग सोड म्हणून, मी सोडतो." मी तिला सोड म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी दुकान बंद ठेवलं आणि तिला घेऊन अमरावतीला कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

तुमच्या ओट्यावरून न जेवता निघालेली,
ज्योत्स्ना