एकदा इंग्लिश, दोनदा बाल्कन

५ जानेवारी २०२५, रविवार

आण्णाला वास येत नाही! सकाळी संशय आला, दुपारी खात्री करून घेतली. एवढं गोड काम उद्यावर कोण टाकणार.

नीट लिहून ठेवतो. रणधीरनं — आण्णाच्या पोरानं — इंग्लंडहून दोन डबे पाठवलेत. काळा डबा इंग्लिश मिश्रणाचा, तांबडा बाल्कनचा. दोन्हीत लटाकिया असतो, धुरावर वाळवलेलं काळं पान, म्हणून नवख्याला दोन्ही डबे शेकोटीसारखेच लागतात. फरक त्या धुराच्या खाली. इंग्लिशमध्ये व्हर्जिनियाच्या पानाचा गोडवा असतो, काकवीसारखा, तो लटाकियाला सांभाळून घेतो. बाल्कनमध्ये गोडवा मागं सरतो आणि तुर्की पान पुढं येतं — कोरडं, आंबूस, नाकात उदासारखं रेंगाळणारं. काकवी, उद हे शब्द माझे; बाकी सगळं आण्णा मला नऊ वर्षं शिकवतोय. मला! सोलापुरात जर्द्याच्या वखारीत एकतीस वर्षं काढली मी. पोतं न सोडता सांगायचो, माल निपाणीचा का गुजरातचा. पण आण्णाचं ठरलेलं. "भागवत्या, तुझं नाक जर्द्यानं मेलंय. तू नुसतं ओढ. बोलू नको."

साठ एकर बागायत असली की माणसाचं नाकही बागायती होतं. जळकोटच्या शाळेत एका बाकावर होतो आम्ही. आता चार लोकांपुढं मी त्याला 'आण्णासाहेब, तुम्ही' म्हणतो. ह्या वहीत मात्र नुसता आण्णा.

आज पाइप मी भरले. मक्याच्या कणसाचे, चव बघायला तेच बरे. लाकडी पाइपात आदल्या तंबाखूचा वास मुरून बसतो. बोलता बोलता हात चुकला, दोन्हीत काळ्या डब्यातलाच भरला. पहिल्या झुरक्याला मला कळलं. आण्णानं डोळे मिटले, धूर सोडला आणि म्हणाला, "हा बाल्कन. आंबूसपणा बघ कसा टाळूला लागतोय." मी म्हणालो, व्हय साहेब.

तो मोटारीचा आवाज बघायला विहिरीकडं गेला तेव्हा त्याच्या पाइपात माझ्या दोन बिड्या फोडून भरल्या. आला, पेटवला, मान डोलावली. "तुर्की पान लई जुनं दिसतंय." नऊ वर्षं नाकानं कांदे सोलत होता हा माणूस, आणि नाकात काहीच नाही. घरी येताना गाडीवर एकटाच हसत होतो.

७ जानेवारी

कडुलिंबाचा वाळका पाला चिमूटभर मिसळला. तोंड वाकडं केलं त्यानं. "कडवट हाय जरा." म्हणजे जीभ शाबूत, नाक गेलंय. चांगलं झालं कळलं, कडू घालायचं नाही.

९ जानेवारी

आज वखारीतला झाडलोट केलेला जर्दा असतो ना, तसला आणला. खकाणा नुसता. तो ओढून आण्णा दहा मिनिटं बोलला. सायप्रस बेटावर लटाकिया कसा धुरवतात, कसलं लाकूड जाळतात, सगळं. वहिनी — सत्यभामावहिनी, त्याची बायको — चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज कसला ओ घाण वास येतोय?" तो म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं." मी चहात तोंड घालून बसलो.

१२ जानेवारी, रविवार

आज त्यानं स्वतःच सांगितलं.

रविवारी सकाळी अकराला रणधीरचा फोन येतो, चेहरा दिसणारा. बापलेक दोघं पाइप पेटवून बसतात, तो तिकडं, हा इकडं. आज फोन झाल्यावर आण्णानं वहिनींना आत काहीतरी काम सांगितलं आणि मला गोठ्याकडं घेऊन गेला. शेणाच्या ढिगापाशी उभा राहिला. "भागवत्या, मला ह्याचा वास येईना."

मी मुद्दाम म्हणालो, म्हणजे?

"दिवाळीत ताप आला होता बघ. तेव्हापासनं. शेणाचा न्हाय, कांद्याचा न्हाय, तुझ्या वहिनीच्या डोक्यातल्या तेलाचा न्हाय. पाइप नुसता गरम लागतोय जिभेला. आत्तापर्यंत आठवून आठवून बोलत होतो."

म्हटलं डॉक्टरला दाखवा. तर म्हणाला, दाखवलं, गुपचूप, सोलापूरला. येईल म्हणतात, न्हाय बी येणार. मग म्हणालो, घरात सांगा. त्यावर जे बोलला ते तसंच लिहितो. "घरात सांगितलं की ती पोराला सांगणार. पोरगं तंबाखू पाठवायचं बंद करणार. मग रविवारी फोन कशाला करील ते? आमच्या दोघांत ह्या डब्यांशिवाय बोलायला काय हाय? त्याच्या लग्नावरून जे झालं ते तुला ठाऊकच हाय. चार वर्षं बोललं न्हाई माझ्याशी. ह्या पाइपानं बोलाय लागलंय."

साठ एकरवाला. डोळे भरले होते.

मग कामाचं बोलला. २६ तारखेला रणधीरच्या पाइपवाल्यांची ऑनलाइन बैठक आहे. वीसेक जण, पुण्याचे, बंगळूरचे, तिकडचे. त्यांच्यापुढं आण्णानं सहा पाइप ओढायचे आणि कुठला इंग्लिश, कुठला बाल्कन ते सांगायचं. पोरानं सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या बापासारखं नाक न्हाय. "आता तूच माझं नाक हो," म्हणाला. पाइप मी पेटवून द्यायचा, म्हणजे पहिला झुरका माझा. मग टेबलाखाली त्याच्या पायावर पाय. एकदा दाबला तर इंग्लिश, दोनदा बाल्कन.

"जर्द्यानं मेलेलं नाक चालंल का?" असं विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. म्हणालो, तुमच्यासाठी काय पण, आण्णासाहेब.

१९ जानेवारी, रविवार

रंगीत तालीम. फोनवर रणधीर एकटाच. त्यानं सांगितलं, बाबा, दोन पाइप भरा, न बघता ओढा. मी पेटवले, पाय दाबला. एकदा. मग दोनदा. दोन्ही बरोबर. पोरगं टाळ्या वाजवत होतं तिकडं. "बाबा, मी सांगितलं होतं ना सगळ्यांना!" आण्णाचं तोंड बघायला पाहिजे होतं. कौतुक माझ्या नाकाचं, फुलला हा.

जाताना त्यानं आपला जुना पाइप मला दिला, चांगल्या लाकडाचा, रणधीरनं पहिल्यांदा आणला होता तो. "तुझ्यावाचून कोण हाय मला," म्हणाला. दया आली का? आली. नळदुर्गचा टोलनाका येईपर्यंत टिकली.

२५ जानेवारी

अयोध्येनं विचारलं, रोज कसला एवढा आनंद झालाय तुम्हाला? बायकोला काय सांगणार. म्हटलं, उद्या झेंडावंदन आहे.

२६ जानेवारी, रविवार

केलं!

झेंडावंदन उरकून गेलो. आण्णाच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, जाकीट. वहिनींनी मागं खंडोबाचा फोटो होता तो काढून पडदा लावलेला. रणधीरनं पाठवलेल्या सहा पुड्या, नुसते नंबर घातलेल्या. कशात काय, त्याचं त्यालाच ठाऊक. मी टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात फक्त हात दिसेल असा. रणधीर सगळ्यांना म्हणाला, "हे भागवतकाका, बाबांचे पाइप भरतात." भरतात. बरं.

पहिला इंग्लिश होता, एकदा दाबला. दुसरा बाल्कन, दोनदा. दोन्ही बरोबर. वाहवा झाली. एक जण विचारायला लागला, ओळखलं कसं? आण्णा रंगात आला, काकवी काय, उद काय, माझेच शब्द. त्या शब्दांनी डोकं फिरलं माझं. नाहीतर चौथ्यापर्यंत थांबणार होतो.

तिसरा इंग्लिश. दोनदा दाबला. आण्णा छाती काढून म्हणाला, बाल्कन, शंका न्हाय. रणधीरनं हातातल्या यादीत बघितलं. चौथा बाल्कन, एकदा दाबला. पाचवा, उलटा. आता तिकडं कुजबूज सुरू झाली. पुण्याचा एक जण म्हणाला, "काका, सर्दी झालीय का आज?" हसले थोडे. चांगल्या घरची माणसं, जास्त हसत नाहीत. सहाव्याला मी पाय दाबलाच नाही. आण्णा वाट बघत बसला. पाइप हातात, डोळे टेबलावर. त्याच्या वहाणेचा अंगठा माझा पाय शोधत होता खाली. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग तो हळूच म्हणाला, "इंग्लिश... का बाल्कन..."

रणधीर म्हणाला, "जाऊ द्या बाबा. नंतर बोलू." फोन बंद.

मी तयार होतो. म्हटलं आता हा माझं नरडं धरतो, शिव्या देतो. त्यानं माझा हात धरला. "तुझी चूक न्हाय भागवत्या. माझ्या वहाणा जाड. मीच मोजायला चुकलो."

हे ऐकून जास्तच बरं वाटलं.

२८ जानेवारी

बरं वाटणं दोन दिवस टिकलं. आज चव उतरली. त्याला कळलंच नाही कुणी मारलं. मग मजा कसली? कधीतरी सांगावं लागणार. तोंडावर. कधी ते ठरवीन.

२ फेब्रुवारी, रविवार

अकरा वाजले. साडेअकरा. बारा. रणधीरचा फोन नाही. आण्णा जाकीट घालून फोनपुढं बसलेला. मी म्हटलं, कामात असेल. तो म्हणाला, "खोटारडा समजला असंल मला. वीस लोकात त्याची मान खाली घातली मी." पाइपाला हात लावला नाही. तांबड्या डब्यातला मी भरला, त्याच्यापुढं बसून सावकाश ओढला. उत्तम बाल्कन. तळापर्यंत एकदाही विझला नाही.

५ फेब्रुवारी

वहिनी बसस्टँडवर भेटल्या. बहिणीबरोबर सोनारीला चालल्यात, भैरवनाथाला, तिथून माहेरी. शनिवारी संध्याकाळी परत. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. परवा हे शेगडीशेजारीच बसलेले, दूध करपलं, ह्यान्ला पत्ता न्हाय. सगळं घर वासानं भरलं. आजार हाय का काही? तुमच्यापासनं ते लपवत न्हाईत. एकटं ठेवून जाऊ का नको, तुमीच सांगा."

सरळ विचारलं त्यांनी. गाडी लागलेली, कंडक्टर हाका मारतोय.

दोन शब्दांचं काम होतं. पण बोललो असतो तर काय झालं असतं? रणधीरला फोन. मग रणधीरनं त्या वीस जणांना सांगितलं असतं, बाबा आजारी होते. मग सगळे हळहळले असते. २६ तारखेचं माझं सगळं धुऊन निघालं असतं. हसं झालेला माणूस बिचारा झाला असता. छे. एवढ्या कष्टानं मिळालेलं असं बसस्टँडवर देऊन टाकू?

म्हणालो, "फोन आला न्हाई पोराचा, म्हणून तंद्री लागतीय त्यांची. जावा तुम्ही बिनघोर. मी हाय ना."

"तुमी हाय म्हणूनच," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

६ फेब्रुवारी

गेलो नाही.

७ फेब्रुवारी

आण्णाचा दोनदा फोन. उचलला नाही. बसू दे एकट्याला. रविवारी जाऊन सांगून टाकायचं — पाय कुणी उलटा दाबला ते. शब्द जुळवतोय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शनिवारी सकाळी आण्णानं चहासाठी शेगडी पेटवली असावी. ती विझली, गॅस सुटत राहिला, थंडीमुळं खिडक्या बंद. तो तिथंच बसून होता आणि पाइप पेटवायला काडी ओढली, तसा भडका उडाला. सोमवारी सोलापूरच्या दवाखान्यात जीव गेला. रणधीर पोचेपर्यंत पट्ट्याच उरल्या होत्या बघायला.

आज राख सावडून आल्यावर रणधीरनं विचारलं, वहिनी समोर होत्या. "काका, बाबांचं नाक एवढं तिखट. घरभर गॅस झाला, त्यांना वास कसा आला नाही?"

दोघं माझ्याकडं बघत होते. म्हणालो, लटाकिया रोज ओढणाऱ्याला त्या धुरापुढं दुसरा वास लागत नाही.

रणधीर भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "म्हणजे मी पाठवलेल्या तंबाखूनं."

मी मान हलवली. व्हय अशी.