आधी तळ्याचं

यलोनाइफ, ५ मार्च

माझ्या आईला, सेलिनकडून खूप माया.

गुडघा कसा आहे? तू पाठवलेले सुके मासे पोचले, निम्मे कुत्र्यांनीच लांबवले.

पाहुणे रोज येतात, मी त्यांना कुत्र्यांच्या गाडीतून गोठलेल्या तळ्यावर फिरवून आणते. बर्फ जाड आहे, काळजी करू नकोस. निघण्याआधी आपल्या रीतीप्रमाणे तळ्याला चिमूटभर तंबाखू देते, चुकत नाही.

काल ते बघून एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "खूप वर्षांपूर्वी आलो होतो, तेव्हाच्या गाडीवानानंही असंच केलं होतं. आम्ही कुडकुडत होतो, चल लवकर म्हणत होतो. तो म्हणाला, 'आधी तळ्याचं, मग तुमचं.'"

त्यांच्याकडे त्याचा फोटो होता. त्यावरची तारीख तुला पाठ आहे. त्यांना सोडून परत येताना काय झालं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

पाहुण्यांच्या घाईत तळ्याला द्यायचं विसरला, म्हणून बुडाला, असं तू बारा वर्षं म्हणतेस. बाबा विसरले नव्हते, आई. फोटो सोबत आहे. तू शिवलेला हातमोजा काखेत धरलाय आणि उघड्या हातात तंबाखू आहे.

आता बाबांवर रागावू नकोस.

तुझीच,
सेलिन