कोंबडीखालची बदकाची अंडी

रविवार, सांज

पहिल्या आल्या त्या सेलूच्या इहीणबाई, मागून माझी नात आरू. आमी नवराबायको धरणाच्या पाण्यावर होडीतच ऱ्हातो, हे इहीणबाईला कधी पटलंच न्हाई. आरूला मीच फोन केल्ता, ये, आज पिल्लं निघतील. बदकं यंदाच पाळलीत. बदकीण उबवायला बसंना, म्हणून तिची पाच अंडी कोंबडीखाली ठेवली. आज एकवीस दिवस झाले, अंडी हायेत तशीच. आरू रडकुंडीला आली.

इहीणबाई म्हणल्या, "हालत्या होडीत कुठं अंडी उबतात का?"

माझ्या बी मनात तीच धास्ती. रोज वारं सुटतंय, रोज होडी हालती. ह्यांनी तर अंडी फेकायला टोपली उचलली बी.

तवा इहीणबाईच वरडल्या, "थांबा इवाई! कोंबडीचे एकवीस, बदकाला अठ्ठावीस लागतात. माझ्या माहेरी व्हती बदकं."

कोमट पाण्याची बादली त्यांनी काठावर नेली, होडीत सगळंच हालतंय म्हणून. अंडं सोडलं. तरंगलं, अन् आतून कुणी लाथ मारल्यावानी हाललं! मग पाची हालली. मी इहीणबाईला मिठीच मारली. "अवो, पाण्यात पाडता का मला!"

आता जीव थाऱ्यावर न्हाई. घडीघडी कोंबडीखाली हात घालायले, ती टोचायली. वारं वाढलं का? होडी दोन्हीकडून आवळून बांधा म्हणलं ह्यांना.

इहीणबाई आरूला घेऊन येत्या रविवारी येते म्हणल्यात.