काऊनची मनाई

आदरणीय यादोराव भाऊजींना योगराजचा प्रभूच्या नावात सलाम. आमच्या बहिणीचे, शांतीबाईचे गुडघे कसे आहेत? तुमच्या राइस मिलचा पट्टा पुन्हा तुटला म्हणून कानावर आलं (अर्जुनीत काही तुटलं की गोंदियात मला ऐकू येतं). फोन केला असता, पण फोनवर तुम्ही अर्ध्यातच "हो हो, ठेवतो" म्हणता. म्हणून पत्र, आणि तेही पोस्टाने नाही, माणसाच्या हाती.

तर आमच्या चर्चच्या पास्टरांनी जेलसेवेसाठी, म्हणजे कैद्यांत जाऊन गाणं-प्रार्थना करायला, माणसं जमवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. कारण काय, तर मी मंडप-माईकवाला. जो लग्नाला खुर्च्या जमवतो त्याला चार माणसं काय जड! पण भाऊजी, खुर्ची उचलली की येते. उपासना सुटल्यावर "जेलात कोण येता?" म्हटलं, तर सगळे चपला शोधायला लागले. (मागून कोणीतरी पुटपुटलं, "हा जाऊन राहिला ना, मंग आपण काऊन?" माईकवाल्याचे कान, आवाज ओळखला, तुमचाच चुलतभाऊ.) मग जीप माझी, पोहे माझे, असं जाहीर केलं. तिघं मिळाले: पेटी वाजवणारे चुन्नीलाल मास्तर, साऱ्या मोहल्ल्याची खबर ठेवणाऱ्या धनवंताबाई, आणि माझा ड्रायव्हर कैलाश, ज्याला जीप चालवायची असल्यामुळे सुटकाच नव्हती.

ट्रेनिंगमध्ये नियम एकच: कैद्याला "काऊन आला?", म्हणजे कशापायी आत आला, हे विचारायचं नाही. गाणं म्हणा, प्रार्थना करा, त्याचं ऐका. पण काऊन नाही. आता आपल्याकडे माणूस वांगी घेतानाही काऊन विचारतो! सरावासाठी मी कैदी होऊन खुर्चीवर बसलो. मास्तरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि लगेच, "मंग इथं काऊन?" त्यांना दटावलं. धनवंताबाई ते पाहून शहाण्या झाल्या: "मी नाही विचारून राहिली बा. तूच सांग, काऊन?" कैलाशने काहीच विचारलं नाही, पण असा रोखून पाहत बसला की मीच काहीतरी कबूल करणार होतो.

जेलात मात्र तिघांनी दात आवळून धरले. गाणं झालं, बायबलचं वचन झालं. मग सालेकसाकडचा उदाराम नावाचा पन्नाशीचा कैदी हात जोडून उठला. "एक विचारू का जी? तुम्ही काऊन आले?"

याची तालीम कोणी घेतली होती! मास्तरांनी पेटीचा भाता मिटला. कैलाश म्हणाला, "ड्युटी हाय." धनवंताबाई खरं बोलून गेल्या: "घरी माझं कोणी आयकत नाही बा." सगळी बराक हसली, दारातला शिपाईसुद्धा. मग उदाराम बोलला, पोटातलं बोलला. सुटका जवळ आली होती, भाऊ घरात घेणार नव्हता, आणि कामाला कुठेही जा, पहिला सवाल तोच असणार, जेलात काऊन होता. आमच्या चौघांच्या माना आपोआप खाली गेल्या.

बाकी क्षेम आहे. पट्टा नवा घ्या, जोडू नका.

तुमचा साळा,
योगराज

ता. क. मिलमध्ये पोती उचलायला माणूस मिळत नाही, असं शांतीबाई म्हणत होती. उदारामला ठेवा. मी विचारलं नव्हतं. सुटल्यावर त्याने आपणहून मला सगळं सांगितलं. तुम्हालाही सांगेल, त्याच्या सवडीने.

पुन्हा ता. क. पत्र घेऊन समोर उभा आहे, तो उदारामच. शांतीबाईला आतच थोपवून धरा, तिचं ट्रेनिंग झालेलं नाही. आणि तुमचं तोंड आता उघडलंच असेल, तर "चहा घेता काय?" म्हणा.